सर्वांत मागे चालताना

पहाटे ४.१५

जूनचा तिसरा आठवडा. लीड्समध्ये या दिवसांत साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो. २१ जून हा 'मोटर न्यूरॉन डिसीज'चा, म्हणजे एमएनडीचा, जागतिक जागृती दिन. त्याच्या आसपासच्या शनिवारी आमचा गट यॉर्कशरमधली तीन शिखरं एका दिवसात चालतो आणि या आजारावरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करतो. पेन-ई-गेंट ६९४ मीटर, व्हर्नसाइड ७३६, इंगलबरो ७२३. कळसूबाईच्या १६४६ मीटरपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण तिन्हींची मिळून सुमारे ३९ किलोमीटरची चाल आहे, दीड हजार मीटरहून जास्त चढण आहे आणि बारा तासांच्या आत निघाल्या जागी परत यायचं, असा इथला जुना दंडक आहे. १८८७ साली जवळच्याच गिगल्सविक शाळेतल्या दोन मास्तरांनी ही तिन्ही शिखरं एका दिवसात पायांखाली घातली, तेव्हापासून लोक ही वाट चालत आले आहेत.

माझं आजचं काम बॅकलीडचं. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढचा लीडर वाट दाखवतो आणि मागचा शेवटच्या माणसाच्या मागे चालतो. त्याच्या मागे कुणी राहत नाही. पुण्यात कॉलेजात असताना मला हे काम कुणी तरी सोपवलं आणि ते आवडून गेलं. इथे आल्यावरही मी तेच मागून घेते.

रात्री भरलेली सॅक पुन्हा उघडून पाहते. फोडांवरच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, मीठ-साखरेची पाकिटं, कुणासाठी तरी लागतातच म्हणून जादा मोजे, शिट्टी, नकाशा, होकायंत्र, डोक्याला बांधायचा टॉर्च, थंडीत माणसाला गुंडाळायची पिशवी. वरच्या कप्प्यात मेथीचे पराठे आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू. पावसाचा अंदाज दुपारनंतरचा आहे, म्हणजे पँटवर चढवायची पावसाळी विजारही हवी.

५.००

गाडीत आम्ही चौघं. मागच्या सीटवर एक मराठी काका-काकू आहेत. काका १९७०च्या दशकात डॉक्टर म्हणून या भागात आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच जनरल प्रॅक्टिस करत राहिले. पुढे माझ्या शेजारी रुग्णालयातली माझी सहकारी, फिजिओथेरपिस्ट. मी वाचाउपचार करते. एमएनडीच्या रुग्णांशी आम्हा दोघींचा संबंध रोजचा.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. मेंदूतल्याही आणि मज्जारज्जूतल्याही. आधी एखाद्या हाताची पकड जाते, नाहीतर पाय अडखळतो, नाहीतर बोलणं जड होतं. मग ते पसरत जातं आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचतं. आपल्याकडे याला बहुतेक जण एएलएस म्हणून ओळखतात. निदान झाल्यापासून वर्षाच्या आत एक तृतीयांश रुग्ण जातात, दोन वर्षांच्या आत निम्म्याहून अधिक. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान होऊनही ते २०१८ पर्यंत जगले. पण त्यांचं उदाहरण विरळा आहे, आणि नव्याने निदान झालेल्या कुणाला ते सांगून धीर द्यायचा प्रयत्न मी कधी करत नाही.

माझ्या कामाचा एक भाग आवाज साठवून ठेवण्याचा. रुग्णाचं बोलणं स्पष्ट आहे तोवरच त्याच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे वाचा गेली की यंत्र त्याच आवाजात बोलतं. लीड्समध्ये आता हे काम काय आहे ते लोकांना समजावून सांगावं लागत नाही, कारण त्यांनी रॉब बरो यांना ऐकलं आहे. लीड्स ऱ्हायनोजचा हा ७ नंबरचा रग्बीपटू, उंची अवघी ५ फूट ५ इंच. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना एमएनडीचं निदान झालं. पुढे ते डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या यंत्रातून बोलायचे आणि त्या यंत्राचा आवाज त्यांच्याच जुन्या मुलाखतींतून घडवलेला होता. त्यांचे कप्तान केव्हिन सिनफिल्ड यांनी डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून २० लाख पौंडांहून अधिक पैसे उभे केले. २०२१ मध्ये ते लेस्टर ते लीड्स हे १०१ मैल २४ तासांत धावले. १४ मे २०२३ ला लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी मित्राला चाकाच्या खुर्चीतून ढकलत आणलं आणि शेवटच्या रेषेपाशी उचलून पलीकडे नेलं. २ जून २०२४ ला बरो गेले. या शहरात एमएनडीसाठी चालायचं म्हटलं की कुणी 'कशासाठी?' असं विचारत नाही, ते या दोघांमुळे.

६.२०

हॉर्टन-इन-रिबल्सडेल. दगडी घरांचं लहानसं गाव, एक चर्च, एक रेल्वे स्टेशन, आणि गावावर वाकून उभा असलेला पेन-ई-गेंट. आम्ही बावीस जण. पुढचा लीडर या डोंगरांत वाढलेला आहे. सगळ्यांना गोल उभं करून तो नियम सांगतो. बंद असलेलं फाटक उघडलं तर मागे बंद करायचं, मेंढ्यांना हुसकवायचं नाही, ओल्या पीटमध्ये वाट रुंद करत बाजूने जायचं नाही, चिखलातून सरळ जायचं. या वाटेवर इतके पाय पडतात की ठिकठिकाणी दगडी फरशा अंथरून जमीन वाचवावी लागली आहे. धर्मादाय कामासाठी येणाऱ्या गटांची त्यात मोठी भर असते. चांगल्या कामासाठी आलो म्हणून डोंगर आपलं काही माफ करत नाही, असं मला नेहमी वाटतं.

मग मी बोलते. कुणाला काही झालं तर ९९९ फिरवून पोलिसांकडे डोंगरी बचाव पथक मागायचं. इथलं पथक क्लॅपहॅम गावचं. १९३५ मध्ये गुहांत अडकलेल्यांना सोडवण्यासाठी सुरू झालं, आणि आजही सगळे स्वयंसेवक आहेत. त्यांचाही खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो. आपल्या बेफिकिरीपायी त्यांना बाहेर पडावं लागलं तर एका चांगल्या कामाचा पैसा दुसऱ्या चांगल्या कामातून काढल्यासारखं होईल.

आमच्या गटाचा आणखी एक नियम आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रवास, जेवण, बूट, जॅकेट, सगळं ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून करायचं. देणगीच्या पानावर आलेला पैसा तिथूनच थेट संशोधन करणाऱ्या संस्थेकडे जातो, मध्ये कुणाच्या हाताला लागत नाही. किलिमांजारो किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या धर्मादाय सहली निघतात, त्यांत बऱ्याचदा जमवलेल्या रकमेतला काही भाग सहलीच्या खर्चाकडे वळतो. हे कायदेशीर असतं, सांगूनही केलेलं असतं. तरी देणाऱ्याने संशोधनासाठी दिलेला पैसा माझ्या विमानाच्या तिकिटात जावा, हे मला पटत नाही. जवळचा डोंगर पुरतो.

६.४० ला निघालो.

८.०५

पेन-ई-गेंटच्या नाकाडावर दोन खडकाळ टप्पे आहेत, खाली चुनखडीचा, वर वाळूखडकाचा. हात टेकून चढावं लागतं. खालच्या टप्प्यावर गर्दी तुंबते आणि तिथेच मला शेवटची माणसं कोण आहेत ते कळतं. काकू, एक तरुण मुलगी आणि शेफील्डच्या प्रयोगशाळेत या आजारावर पीएचडी करणारा एक मुलगा. तो दमला म्हणून मागे राहिलेला नाही. बोलत चालतो म्हणून मागे आहे.

काकूंना हात कुठे धरायचा ते मी दाखवते. "तीन जागा पक्क्या ठेवा, मगच चौथा हात किंवा पाय हलवा." त्या दगडाला बिलगून म्हणतात, "अगं, हे रोहिड्याच्या शेवटच्या चढासारखंच की." आणि चढून जातात.

वर पोचल्यावर तो मुलगा काकूंना सांगत असतो, की आत्ता तुम्ही पाऊल उचललंत त्यासाठी कमरेपाशी मज्जारज्जूत असलेल्या एका पेशीने हुकूम दिला. त्या पेशीचा तंतू तिथून थेट पावलाच्या स्नायूंपर्यंत जातो. जवळजवळ मीटरभर लांबीची एकच पेशी. ती जगवायची तर तिच्या एका टोकाला तयार झालेला माल दुसऱ्या टोकापर्यंत सतत वाहत राहावा लागतो. एवढ्या लांब पेशी नाजूक असतात आणि म्हणूनच त्या आधी बिघडत असाव्यात, असा एक तर्क आहे. काकू आपल्या बुटाकडे बघत राहतात. मी अनेक माहितीपत्रकं वाचली आहेत, लिहिलीही आहेत. हा आजार कुठे होतो ते इतकं नेमकं त्यांतून कुणाला समजल्याचं मी पाहिलेलं नाही.

शिखरावर भिंत ओलांडायची पायरी आहे. तिथे सगळ्यांचं पाणी तपासते. दोघांच्या बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या. त्यांना तिथेच प्यायला लावते.

९.३०

इथून रिबलहेडपर्यंतची वाट लांब, मोकळी आणि कंटाळवाणी. डाव्या-उजव्या बाजूला गवताचं पठार, पांढरे कापूसगवताचे गोंडे, डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या इकडच्या टिटव्या. दहा-बारा किलोमीटर चालूनही शिखर म्हणावं असं काही येत नाही. गट या पट्ट्यात फुटतो. पुढचे दिसेनासे होतात आणि माणसं आपापल्या विचारांत शिरतात.

ती तरुण मुलगी आता माझ्याबरोबर आहे. तिची आई थोडी पुढे चालते आहे. दोघींच्या टी-शर्टवर एका माणसाचा फोटो आहे, हातात मासा धरून हसणारा. निदान झालं त्यानंतरचा दुसरा जून त्याने पाहिला नाही. मुलगी त्या वेळी परीक्षेला बसली होती.

आई थांबते, आम्ही गाठतो. ती जे बोलते ते मी इथे तिच्या संमतीने लिहिते आहे. कॅन्सरसाठीच्या एका कार्यक्रमाला ती पूर्वी गेली होती. तिथे मंचावर बऱ्या झालेल्या बायका एकामागून एक उभ्या राहिल्या. मी वाचले, म्हणून आज तुमच्याकडे मागते आहे, असं त्यांनी सांगितलं. सभागृह उभं राहिलं. "आमच्या आजाराचा असा मंच कधी भरणार नाही," ती म्हणाली. "वाचलेलं माणूसच नाही. जे आजारी आहेत त्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, आणि वेळ नाही. मग चालायचं आणि बोलायचं कुणी?"

इतकी वर्षं या आजाराबरोबर काम करून मला हे इतक्या नेमक्या शब्दांत मांडता आलं नव्हतं. ब्रिटनमध्ये कोणत्याही वेळी सुमारे ५,००० माणसं एमएनडीसह जगत असतात. हा आकडा लहान दिसतो, कारण माणसं जितक्या वेगाने येतात तितक्याच वेगाने जातात. आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता मात्र ३०० मध्ये एक इतकी आहे, म्हणजे मोठ्या शाळेतल्या मुलांपैकी दोघा-तिघांना पुढे तो गाठेल. थोडे रुग्ण, तेही थोड्या दिवसांचे. मागणी लावून धरणारा समूह उभा राहण्याआधीच विखुरतो. म्हणून या आजाराच्या संशोधनाला लागणारा पहिला पैसा रुग्णांच्या घरच्यांनी आणि मित्रांनीच उभा केला आहे, धावून, चालून, केक विकून.

११.२०

रिबलहेड. चोवीस कमानींचा रेल्वेचा पूल माळावर उभा आहे, लांबी ४०० मीटर, सर्वांत उंच जागी ३२ मीटर. १८७० मध्ये बांधकाम सुरू झालं तेव्हा इथे वस्ती करून राहिलेल्या मजुरांपैकी आणि त्यांच्या बायकामुलांपैकी किती तरी जण अपघातांनी, आणि देवीच्या साथीने, गेले. खाली चॅपल-ल-डेलच्या लहानशा चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. देवी आता जगात नाही. एक आजार पृथ्वीवरून कायमचा गेल्याचं ते उदाहरण आहे, आणि या पुलाखाली बसून डबा खाताना मला ते दर वेळी आठवतं.

चहाच्या गाडीपाशी सगळे जमलो. पराठे फिरतात, सँडविच फिरतात. एकाचा गुडघा सुजला आहे. फिजिओथेरपिस्ट बघते आणि मान हलवते. त्याला वाईट वाटतं, त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं. पण इथे स्टेशन आहे आणि दक्षिणेकडे पुढचंच स्टेशन हॉर्टन. मी त्याच्यासाठी गाडीची वेळ पाहते, त्याला मोजे आणि लाडू देते, आणि देणाऱ्यांनी पैसे शिखरांसाठी दिलेले नाहीत हे त्याला स्पष्ट सांगते. कुणीही पैसे परत मागत नाही.

शेफील्डच्या मुलाला सगळे घेरतात. गोळा झालेल्या पैशाचं नेमकं काय होतं, हा प्रश्न. मला वाटतं प्रत्येक धर्मादाय ट्रेकवर हे उत्तर देणारा एक माणूस असावा, आणि तो पैसे मागणाऱ्या विभागातला नसावा.

तो सांगतो ते असं. १९९३ मध्ये एमएनडीशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, एसओडी१. त्यातल्या बिघाडामुळे होणारे रुग्ण सगळ्यांच्या फार तर दोन टक्के. या जनुकातून बिघडलेलं प्रथिन बनूच नये म्हणून पाठीच्या कण्यातून द्यायचं टोफर्सन नावाचं औषध तयार झालं. त्याच्या चाचणीत १०८ रुग्ण होते आणि शेफील्डच्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा होता. २८ आठवड्यांनी पाहिलं तर हवा तो फरक आकड्यांत दिसलाच नाही. पण रक्तात चेतापेशींच्या नाशाची खूण सांगणारं द्रव्य कमी झालं होतं. चाचणी पुढे चालू ठेवली तेव्हा ज्यांनी औषध आधी सुरू केलं त्यांची घसरण संथ झालेली दिसली. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने आणि मे २०२४ मध्ये युरोपने मान्यता दिली. जनुक सापडल्यापासून ३० वर्षं.

"दोन टक्क्यांसाठी तीस वर्षं," कुणी तरी म्हणतं.

"हो," तो म्हणतो, "पण आता वाट आहे हे माहीत झालं. आधी ते नव्हतं."

मग तो न जमलेल्या गोष्टी सांगतो, आणि मला तो त्यासाठी फार आवडतो. स्कॉटलंडमधून चालणाऱ्या एका मोठ्या चाचणीत दुसऱ्या आजारांवरची दोन जुनी औषधं एमएनडीवर देऊन पाहिली, मेमँटिन आणि ट्रॅझोडोन. २०२३ मध्ये दोन्ही थांबवली, उपयोग नव्हता. लोकांचे पैसे त्यांतही गेले. वाया गेले का? त्याच्या मते नाही. ती दोन औषधं आता कुणी घरी मागवून जीव टांगणीला लावणार नाही, आणि त्याच चाचणीत पुढचं औषध घालता आलं.

सरकारी अनुदान देणारे आधी प्राथमिक निष्कर्ष मागतात. ते निष्कर्ष मिळवायलाच आधी कुणी तरी पैसे द्यावे लागतात. रुग्णाच्या त्वचेच्या कणापासून बशीत चेतापेशी वाढवायच्या, त्यांवर एक कल्पना करून पाहायची, एका विद्यार्थ्याचं दोन-तीन वर्षांचं विद्यावेतन, रसायनं, उणे ऐंशी अंशांवर चालणारा फ्रीझर. आमच्यासारख्यांचा पैसा इथे लागतो, सुरुवातीला, जिथे कल्पना फसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. मोठी रक्कम नंतर येते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने एमएनडीच्या संशोधनासाठी ५ कोटी पौंड जाहीर केले, तेही रुग्णांनी, त्यांच्या कुटुंबांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून मागणी रेटल्यावरच.

अर्ध्या तासाचं जेवण पाऊण तास चाललं. लीडर घड्याळ दाखवतो. मी मुद्दामच उशीर होऊ दिला.

१.४५

व्हर्नसाइड. तिन्हींत सर्वांत उंच. रुळांच्या कडेने, धबधब्याच्या बाजूने, मग लांब सोंडेवरून वर. ढग खाली आले आणि भिंतीला धरून चाललो. दिसण्यासारखं काही नव्हतं. उतार गुडघ्यांवर येतो, तिथे काठी नसलेल्यांना काठ्या वाटल्या.

३.१०

चॅपल-ल-डेल. पाऊस आला. काका दगडी भिंतीवर बसले आहेत, चेहरा राखेच्या रंगाचा. मी नाडी पाहते, ते स्वतःही पाहतात. दोघांचं उत्तर जुळतं. नाडी ठीक आहे, पोट रिकामं आहे. लाडू, गोड चहा, कोरडा शर्ट.

"काका, इथून गाडीने जाता येईल. काकू पुढे जातील, मी आहे त्यांच्याबरोबर."

ते थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मग म्हणतात, "ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एमएनडीचा माझा एक पेशंट होता, शेतकरी, याच खोऱ्यातला. दर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी जायचो. अगं, माझ्या बॅगेत त्याच्यासाठी द्यायला काहीसुद्धा नव्हतं. नुसता जाऊन बसायचो. त्याची बायको मला चहा द्यायची, आणि मी तो प्यायचो."

रिल्युझोल हे एमएनडीवरचं पहिलं औषध १९९५-९६ च्या सुमारास आलं. आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवतं. त्या आधी खरंच काही नव्हतं, आणि बहुसंख्य रुग्णांसाठी आजही त्यापलीकडे फारसं नाही. ज्या डॉक्टरने हे रिकामं बसणं आयुष्यभर सोबत बाळगलं, त्याला थांबा म्हणण्याचा मला अधिकार होता, पण कारण उरलं नव्हतं. वीस मिनिटांनी पुन्हा नाडी पाहिली. रंग परत आला होता. आम्ही उठलो.

४.५०

इंगलबरोला जाताना चुनखडीच्या लाद्यांचं विस्तीर्ण मैदान लागतं. बर्फयुगात हिमनद्यांनी माती खरवडून नेली आणि पावसाने भेगा रुंद केल्या. भेगांत नेचे उगवतात. पुढे ओल्या जमिनीवर टाकलेल्या फळ्या आणि मग दगडी पायऱ्यांची शेवटची खडी चढण. पावसात ती निसरडी होते. इथे मी काकांच्या अगदी मागे, एका पायरीचं अंतर ठेवून चालते. मोजणी चालू. पुढून शिट्टी आली, मागून दिली. विसाव्या पायरीला थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढच्या वीस. बोलायचं नाही. ती मुलगी आणि तिची आई आमच्याबरोबर राहतात, त्यांना पुढे जाता आलं असतं तरी.

वर सपाट पठार, धुकं आणि वारा. क्रॉसच्या आकाराच्या दगडी आडोशाच्या एका कोपऱ्यात मुलगी वडिलांच्या फोटोची लहान प्रत दोन दगडांमध्ये ठेवते, आईने तिचा एक फोटो काढल्यावर पुन्हा उचलून घेते. डोंगरावर काही सोडून जायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

६.२५

सल्बर निकमधली उतरण संपता संपत नाही. पण हॉर्टनच्या रेल्वे स्टेशनाशी आमचे पहिले वीस मिनिटं आधी पोचलेले उभे होते, गुडघा सुजलेलाही. आम्ही शेवटचे पाच जण बारा तासांना पंधरा मिनिटं बाकी असताना आलो. मोजणी बावीस. लीडरने वहीत वेळ टिपली, मी सही केली. टाळ्या वगैरे झाल्या, त्या सगळ्यांसाठी होत्या.

९.००

घरी आल्यावर एक काम उरतं आणि मी ते दुसऱ्या दिवशीवर टाकत नाही. देणगीच्या पानावर सगळ्यांना निरोप लिहायचा. किती जण निघाले, किती जण पोचले, कुणाला दुखापत झाली, रक्कम किती झाली, ती कोणत्या संस्थेला आणि कोणत्या कामासाठी जाते. ज्यांनी अजून खूण केली नसेल त्यांना 'गिफ्ट एड'ची आठवण करायची. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने ही एक खूण केली तर सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला देतं. दहा पौंडांचे साडेबारा होतात, देणाऱ्याच्या खिशाला काहीही न लागता. भारतातून पाठवणाऱ्या नातेवाइकांना हे लागू नाही. त्यांना मी म्हणते की तुम्ही आपल्याकडच्या संशोधन करणाऱ्या संस्थेला द्या, करसवलतीची पावती घ्या, आणि मला फक्त कळवा.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या ओळखीतलं कुणी एखाद्या आजारासाठी डोंगर चढायला निघालं असेल, तर देणगी तो चढून आल्यावर शाबासकीसोबत देऊ नका, निघण्याआधी द्या. आणि देताना त्याला दोन प्रश्न जरूर विचारा. तुझा स्वतःचा खर्च कोण करतंय? आणि हा पैसा शुश्रूषेला जाणार की संशोधनाला? दोन्ही कामं मोठी आहेत, दोन्हींना द्यावं. पण एमएनडीसारख्या आजारात संशोधनाला दिलेला पैसा आजच्या रुग्णाच्या बहुधा उपयोगी पडत नाही, हे आजच्या रुग्णांना माहीत असतं. तरी माझ्याकडे आवाज साठवायला येणारे बहुतेक जण रक्ताचे नमुने देतात, चाचण्यांत नाव नोंदवतात, काही जण मरणोत्तर मेंदू आणि मज्जारज्जू संशोधनाला देण्याच्या कागदांवर सही करून जातात. त्यांनी ते दिलं आहे. आपल्याकडे मागितले जातात ते फक्त पैसे.